एका ध्वनीवर ठोठावलेली शिक्षा

शाळेतील वैद्यकीय तपासणीच्या वेळी एखाद्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या छातीला नळी लावून डॉक्टरांनी त्याच्या कार्डावर ‘मर्मर ऐकू येते, पुढील तपासणी करावी’ एवढी एक ओळ लिहिली, की त्या ओळीच्या उत्तरार्धाकडे कोणाचेही लक्ष जात नाही. पूर्वार्धावरच घरात, आळीत आणि शिक्षकांच्या खोलीत शिक्कामोर्तब होते, आणि काल संध्याकाळपर्यंत कबड्डीच्या मैदानातून धुळीने माखून येणारे ते पोर आज सकाळपासून अधू ठरते. त्याचे मैदान बंद होते, जिना चढताना त्याचा हात धरला जातो, सहलीच्या यादीतून त्याचे नाव बिनबोभाट कमी होते. आणि ते पोर मुलगी असेल, तर ही बातमी पाहुण्यारावळ्यांच्या कानी जाऊ नये म्हणून जी दक्षता घेतली जाते, तिच्या शतांश दक्षताही ती ‘पुढील तपासणी’ वेळेवर व्हावी म्हणून घेतली जात नाही.

या सार्वत्रिक समजुतीची कैफियत तिच्याच शब्दांत मांडायची, तर ती अशी: निरोगी हृदय दोनच ठोके देते, त्यांच्या मध्ये तिसरा आवाज आला म्हणजे आत काहीतरी फाटले, झिजले किंवा भोक पडले, आवाज जितका मोठा तितके भोक मोठे, असे हृदय श्रमाने थकते, म्हणून ते जपून, म्हणजे शक्यतो न वापरता, ठेवायचे, खरेखोटे काय ते यंत्र सांगेल, गळ्यातील नळी हे डॉक्टरांचे केवळ भूषण, आणि यंत्राने काही सांगितलेच, तर उपचार म्हणजे छाती उघडणे आणि त्यानंतरचे आयुष्य म्हणजे उसनवारी. या समजुतीला एक जुळे भावंडही आहे, आणि ते तितक्याच आत्मविश्वासाने बोलते: पोर खाते-पिते, हुंदडते, मग कसली आली मर्मर? डॉक्टरांना पैसे काढायचे असतात, वय वाढले की आपोआप जाईल. पहिली समजूत चौकशीपूर्वी शिक्षा सुनावते, दुसरी चौकशीपूर्वी निर्दोष सोडते. प्रत्यक्ष चौकशी मात्र दोघींनाही नको असते. या लेखाचा वाद या दोघींशीही आहे.

मुळात हा आवाज येतो कोठून, एवढे तरी या न्यायाधीशांनी विचारले आहे काय? हृदयाचे जे दोन ठोके आपण ऐकतो ते झडपा मिटण्याचे ध्वनी होत. पहिला हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधील झडपांचा, दुसरा महारोहिणी आणि फुप्फुसरोहिणी यांच्या मुखाशी असलेल्या झडपांचा. या दोहोंच्या दरम्यान रक्त संथपणे वाहते तोवर ते मूक असते. त्याचा प्रवाह खवळला म्हणजे जो ध्वनी उमटतो तो मर्मर. आता प्रवाह खवळण्याची कारणे चार: वाट अरुंद होणे, मिटलेल्या झडपेतून रक्त मागे गळणे, दोन कप्प्यांच्या किंवा दोन रोहिण्यांच्या मध्ये भलतीच वाट असणे, आणि चौथे म्हणजे वाटा सर्व यथास्थित असूनही रक्तच नेहमीपेक्षा वेगाने धावणे किंवा पातळ झालेले असणे. ज्वरात ते वेगाने धावते, कंठग्रंथीच्या अतिस्रावात धावते, गरोदरपणी शरीरातील रक्ताचे प्रमाण सुमारे चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते तेव्हा धावते, आणि रक्तक्षयात तर ते पातळही होते आणि धावतेही. या चौथ्या कारणात हृदयाचा अपराध कोणता? २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार या देशातील पाच वर्षांखालील, सहा महिन्यांवरील मुलांपैकी सदुसष्ट टक्के आणि पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सत्तावन्न टक्के रक्तक्षयी आहेत. अशा देशात मर्मर ऐकताच हृदयावर फिर्याद गुदरणारा माणूस आधी हिमोग्लोबिनचा दाखला का मागत नाही?

मुलांची गोष्ट याहूनही सरळ आहे. त्यांच्या छातीची भिंत पातळ, हृदय कानाच्या निकट आणि रक्ताचा वेग दांडगा. त्यामुळे पूर्णतः निरोगी मुलांपैकी निम्म्यांच्या किंवा त्याहूनही अधिकांच्या छातीत बालपणी केव्हा ना केव्हा मर्मर ऐकू येते. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या लंडनच्या बालरोगतज्ज्ञाने १९०९ साली आपल्या ग्रंथात अशा एका सुरेल, कंपयुक्त मर्मरीचे वर्णन करून ती निरुपद्रवी असल्याचे सांगितले, आणि ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. उलट जन्मजात हृदयदोष आढळतो तो दर हजार जन्मांमागे सुमारे आठ-नऊ अर्भकांत. ज्याला त्रैराशिक येते त्याने आता सांगावे, की निम्म्या मुलांत ऐकू येणारा ध्वनी आणि हजारी आठ-नऊ मुलांत असणारा दोष या दोन गोष्टी एकच कशा होऊ शकतात. स्टिलच्या ग्रंथाला शतक उलटून गेले. आमच्या आळीपर्यंत ते वृत्त पोचण्यास आणखी किती शतके लागावीत?

दुसरा मुद्दा आवाजाच्या मोठेपणाचा. बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हाईन याने १९३३ साली आपल्या सहकाऱ्यासह मर्मरीच्या सहा पायऱ्या लावून दिल्या: पहिल्या पायरीचा ध्वनी कान देऊन, मन एकाग्र करून ऐकावा तेव्हाच सापडतो, चौथीपासून छातीवर ठेवलेल्या तळहातालाही कंप जाणवतो, आणि सहावीचा तर नळी छातीपासून किंचित उचलली तरी ऐकू येतो. ही प्रतवारी ध्वनीची आहे, रोगाची नव्हे. परंतु लोकांनी ती परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखी वाचावयास आरंभ केला, आणि ‘चौथ्या डिग्रीची’ मर्मर म्हणजे चौथ्या अवस्थेचा आजार असा अर्थ परस्पर लावून टाकला. वस्तुस्थिती कित्येकदा नेमकी उलटी असते. आँरी रोजे या फ्रेंच वैद्याने १८७९ साली दाखवून दिले, की हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला लहानसे छिद्र असले म्हणजे मर्मर मोठी गर्जते, पण रोग्याला त्याची बाधा जवळजवळ नसते. अशी पुष्कळ लहान छिद्रे तर बालपणीच आपोआप बुजतात. उथळ पाण्याला खळखळाट फार ही म्हण ज्या समाजाच्या जिभेवर आहे, त्याला हे समजण्यास अडचण का यावी? त्याच पडद्याला मोठे खिंडार असेल, तर दोन्ही कप्प्यांतील दाब हळूहळू सारखे होत जातात, आणि आवाज बेताचाच राहतो; पण ते बाळ दूध पिताना घामाघूम होते, धापा टाकते, अंगी लागत नाही आणि न्यूमोनियाने वारंवार आजारी पडते. वरच्या कप्प्यांमधील पडद्याच्या छिद्रातून तर बहुधा मर्मर उमटतच नाही. जी ऐकू येते ती फुप्फुसाकडे जाणाऱ्या जादा रक्ताची असते, आणि तीही इतकी सौम्य की कित्येकदा माणूस चाळिशीला येईपर्यंत तिचा पत्ता लागत नाही.

आणि आवाज नाहीसा झाला म्हणून पेढे वाटणाऱ्यांचे काय? लहान छिद्र बुजल्याने तो गेला असेल तर आनंदच आहे. परंतु मोठे छिद्र वर्षानुवर्षे तसेच राहिले, फुप्फुसांतील रक्तवाहिन्या कठीण झाल्या आणि तेथील दाब शरीरातील दाबाच्या बरोबरीला आला, की तेव्हाही मर्मर मावळते. तेव्हा ओठ आणि नखे निळसर होऊ लागतात, आणि छिद्र बंद करण्याची वेळ कायमची टळून गेलेली असते. वृद्धांची अरुंद झालेली महारोहिणीची झडप घ्या: हृदय थकत गेले, त्याचा जोर ओसरला, की तिचाही ध्वनी क्षीण होतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. हेलन टॉसिग यांची श्रवणशक्ती मंदावली होती आणि त्या बोटांच्या अग्रांनी छातीवरील कंप वाचीत. त्यांनीच हे हेरले, की काही निळ्या बालकांची प्रकृती, जन्मानंतर काही काळ उघडी असलेली एक वाहिनी मिटताच झपाट्याने ढासळते. म्हणजे जी ‘भलती वाट’ बंद व्हावी असे इतरांच्या बाबतीत वाटते, तीच या बालकांचा प्राण होती. या निरीक्षणातून शल्यविशारद आल्फ्रेड ब्लेलॉक आणि त्यांचे सहकारी व्हिव्हियन टॉमस यांच्या साहाय्याने १९४४ साली तशी वाट कृत्रिम रीतीने निर्माण करणारी शस्त्रक्रिया सिद्ध झाली. आवाजाच्या केवळ असण्या-नसण्यावर भविष्य सांगणाऱ्यांनी या एका प्रकरणाचे तरी मनन करावे.

तिसरा मुद्दा मैदानबंदीच्या शिक्षेचा. ती इतक्या सद्भावाने दिली जाते की तिच्याविरुद्ध बोलणारा निर्दय ठरतो. तथापि बोलणे प्राप्त आहे. लँकेशायरमधील बर्नली या गिरणगावात साधा वैद्यकव्यवसाय करणाऱ्या जेम्स मॅकेंझी याने तेच ते रोगी वर्षानुवर्षे पाहिले, त्यांची टिपणे ठेवली, आणि मर्मर असलेली कितीतरी माणसे कष्टाची कामे करीत उतारवयापर्यंत सुखाने जगतात हे दाखवून दिले. पहिल्या महायुद्धात केवळ मर्मरीवरून ब्रिटिश सैन्यातून माणसे बाद होऊ लागली, तेव्हा मॅकेंझी आणि टॉमस लुईस यांचे म्हणणे हेच होते, की हृदयाची पारख त्याच्या कर्तबगारीवरून करा, त्याच्या कुरकुरीवरून नव्हे. निरुपद्रवी मर्मर असलेल्या मुलाला आज कोणताही जाणता हृदयतज्ज्ञ खेळण्याची पूर्ण मुभा देतो; किंबहुना ती न देणे हाच अपाय समजतो. मग हा हुकूम निघतो कोणत्या कचेरीतून? काही थोडे विकार असे आहेत खरे, की ज्यांत श्रमाला आळा घालावाच लागतो. हृदयाच्या स्नायूची अनैसर्गिक जाडी हा त्यांतील प्रमुख. पण तो ओळखण्याची खूण पाहा: रोग्याला उभे केले की त्याची मर्मर वाढते, उकिडवे बसवले की घटते, निरुपद्रवी मर्मर उभे राहिल्यावर सामान्यतः कमी होते. ज्याला बंदी घालायची आहे त्याने निदान मुलाला उभे करून आणि बसवून ऐकवून तरी घ्यावे. खाटेवर निजवून मैदान हिरावून घेण्यात सावधगिरी नाही, आळस आहे.

येथवर वाचून दुसरे भावंड सुखावले असेल, की मर्मर ही क्षुल्लक बाब असल्याचे आम्हीही मान्य केले. त्याने ही घाई करू नये. मॅकेंझीच्या शिकवणीचे पुढे अनुयायांच्या हाती जे झाले, तेच त्याला उत्तर आहे. झडप गौण, स्नायू हेच सर्वस्व, असा सिद्धांत वैद्यकातील मातब्बरांनी इतका ताणला, की १९२५ साली हेन्री सौटर या लंडनमधील शल्यविशारदाने हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील द्विदल झडप आकुंचित झालेल्या एका मुलीच्या हृदयात प्रत्यक्ष बोट घालून ती वाट मोकळी केली, मुलगी सावरून घरीही गेली, आणि तरीही त्यानंतर त्याच्याकडे या कामासाठी दुसरा रोगी कोणी पाठवला नाही. जी शस्त्रक्रिया पहिल्याच प्रयत्नात साधली होती, तिच्या पुनरारंभासाठी १९४८ साल उजाडावे लागले. ‘आवाजाला काही अर्थ नसतो’ या मताची किंमत मधल्या तेवीस वर्षांत किती तरुण स्त्री-पुरुषांनी मोजली असेल?

आणि ती किंमत आमच्याकडे अद्याप मोजली जात आहे. घसा दुखून आला, चार दिवसांत बरा झाला, दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन गुडघे-घोटे सुजले, तेही उतरले, आणि घरचे सर्वजण ते विसरून गेले. पण संधिज्वर, ज्याला डॉक्टर रुमॅटिक फीवर म्हणतात, तो सांधे सोडताना झडपांना धरून राहिलेला असतो, आणि पुढे काही वर्षांनी द्विदल झडपेच्या कडा एकमेकींना चिकटून वाट अरुंद होते. तिची मर्मर हृदयाच्या प्रसरणाच्या वेळी उमटते, खर्जातली असते, आणि रोग्याला डाव्या कुशीवर वळवून नळीची लहान वाटी हलक्या हाताने टेकवल्याशिवाय पुष्कळदा सापडत नाही. प्रसरणकाळातील मर्मर निरुपद्रवी असू शकते असे मानायला वैद्यक तयार नाही. हा नियम ‘वयाने जाईल’ म्हणणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा. ज्या मुलाला एकदा संधिज्वर झाला, त्याला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे दीर्घकाल टिकणारे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते, ते पुन्हा पुन्हा होणारा हल्ला टाळण्यासाठी. परंतु सांधे दुखायचे थांबले की ‘आता सुई कशाला’ म्हणून ते बंद करणारे पालक आपल्याच मुलाच्या झडपेवर जप्ती आणीत असतात. त्याचप्रमाणे मर्मर असलेल्या माणसाला आठवडाभर ताप हटत नसेल, तर परस्पर प्रतिजैविकाच्या गोळ्या चारण्याआधी झडपेवर जंतूंनी ठाणे तर दिले नाही ना, याची रक्तपरीक्षेने खातरजमा करावी लागते. एवढ्या गोष्टी ज्या आवाजावरून उलगडतात तो क्षुल्लक कसा?

उरला यंत्राचा मुद्दा, आणि आधुनिकतेचा टेंभा मिरवणारे येथेच सर्वांत मोठ्याने बोलतात. इंगे एडलर आणि हेलमुट हर्ट्झ यांनी १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे श्रवणातीत ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल टिपली, तिचीच आजची प्रगत आवृत्ती म्हणजे आपला इको. त्याचे मोल आम्ही नाकारीत नाही. झडप किती अरुंद आहे, छिद्र कोठे आहे, फुप्फुसांतील दाब किती चढला आहे, हे तो छातीला धक्का न लावता सांगतो. पण यंत्राला प्रश्न विचारावा लागतो, आणि तो प्रश्न ऐकणाऱ्या कानातून जन्मतो. प्रश्नावाचून काढलेल्या इकोत निरोगी माणसाच्याही एखाद्या झडपेपाशी ‘किंचित गळती’ दिसते, कारण ती बहुतेकांना असतेच. मग तो कागद हातात घेऊन मर्मर नसलेला, दम न लागणारा, धडधाकट गृहस्थ या तज्ज्ञाकडून त्या तज्ज्ञाकडे हिंडू लागतो. नळीला हद्दपार करून भीती कमी झाली, की तिची केवळ दरवाढ झाली? फ्रेंच वैद्य लेनेक याने १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात कागदाची सुरळी छातीला लावली तेव्हापासून जे शास्त्र वाढले, ते आवाज केव्हा उमटतो, कोठे उमटतो, कोणत्या दिशेला पसरतो, श्वासाबरोबर आणि आसनाबरोबर कसा पालटतो याचे शास्त्र आहे. तालुक्याच्या दवाखान्यात इको नसला तरी ते तेथे हजर राहू शकते. २०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांना तपासतात ती याच नळीच्या बळावर. निरुपद्रवी मर्मरीची सर्व लक्षणे जुळली, तर अनुभवी कान तेथेच निकाल देऊ शकतो; संशय उरला, तर पुढे पाठवतो. यंत्राला हे तारतम्य विकत घेता येत नाही.

शेवटी उपचारांविषयीची धास्ती, आणि तिच्या पोटात दडलेला विवाहाचा बाजार. बहुसंख्य मर्मरींना उपचार लागतच नाही, हे पहिले. रक्तक्षयाची मर्मर लोहाच्या गोळ्यांनी आणि आहाराने जाते, हे दुसरे. बॉस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस या शल्यविशारदाने १९३८ साली छाती उघडून जन्मानंतरही न मिटलेली जी वाहिनी बांधली, तशी वाहिनी आज पुष्कळ मुलांत मांडीच्या शिरेतून नेलेल्या बारीक नळीने बंद होते. वरच्या पडद्याची बरीच छिद्रेही तशीच बुजवता येतात. कांजी इनोऊए या जपानी शल्यविशारदाने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या फुग्याने अरुंद द्विदल झडप टाके न घालता रुंद होते. महारोहिणीची झडप मांडीतल्या रक्तवाहिनीच्या वाटेने बसवण्याची विद्या २००२ पासून वृद्धांच्या सेवेस आली. जेथे झडप बदलणे अटळ होते तेथे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली भारतीय झडप १९९० पासून बसवली जात आहे. यांत उसनवारी कोठे आहे? जबाबदारी मात्र आहे: धातूची झडप बसलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणारी गोळी आजन्म घ्यावी लागते, ती गोळी गर्भाला अपायकारक ठरू शकते, आणि म्हणूनच तरुण मुलीला कोणती झडप बसवावी, की फुग्यानेच काम भागवावे, याचा विचार विवाहापूर्वी, उघडपणे आणि डॉक्टरांच्या समक्ष व्हावा लागतो. आणि नेमका तो विचार आमची प्रतिष्ठा होऊ देत नाही. निरुपद्रवी मर्मरीची मुलगी अकारण नाकारली जाते, आणि खरोखर अरुंद झडपेची मुलगी ती गोष्ट दडवून उजवली जाते. पहिली मानहानीने झुरते, आणि दुसरीला सहाव्या-सातव्या महिन्यात, वाढलेले रक्त अरुंद वाटेत तुंबून, मध्यरात्री धाप लागून दवाखाना गाठावा लागतो. वेळीच फुग्याने वाट मोकळी केली असती, तर तिचे बाळंतपण इतर चौघींसारखे होण्याची पुष्कळ शक्यता होती. या दोन्ही अन्यायांचा कर्ता एकच आहे, आणि तो हृदयविकार नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे पुन्हा एकदा, संदिग्धता न ठेवता, सांगतो. मर्मर हा रोग नव्हे आणि शकुनही नव्हे. ती साक्ष आहे, आणि साक्षीची उलटतपासणी करावयाची असते. तिच्यावरून परस्पर शिक्षा सुनावणारा जितका अपराधी, तितकाच ती न ऐकता दप्तरी दाखल करणाराही. ज्यांच्या घरी असे कार्ड आले असेल त्या आईबापांनी शेजाऱ्यांचा अभिप्राय बाजूला ठेवावा आणि डॉक्टरांना सरळ विचारावे: हा आवाज आकुंचनाचा की प्रसरणाचा? उभे केल्यावर तो बदलतो का? मुलाचे वजन, वाढ आणि रक्त ठीक आहे ना? इको लागणार असेल तर कोणत्या शंकेसाठी? आणि ‘निरुपद्रवी’ असे उत्तर मिळाले, तर ते डॉक्टरांकडून लेखी घेऊन शाळेत द्यावे, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पोराला मैदानावर पाठवावे. दोष निघाला, तर तो लपवण्यात एक दिवसही घालवू नये. कारण यांतील बहुतेक दोषांवर आज उपाय आहे, आणि त्या उपायाची वेळ टळून जाण्यावर मात्र नाही.